कुंकू हा पुरावा नव्हे

सईस,

तुझं पत्र पोचलं. तुमच्याकडे परदेशात आई किंवा वडील अपंग झाले, निवृत्त झाले किंवा वारले, तर त्यांच्या मुलांना सरकार दरमहा काही रक्कम देतं आणि त्यावर तुला शाळेत निबंध लिहायचा आहे, हे समजलं. "आजी, तुझ्या तरुणपणी असं काही होतं का?" असं तू विचारलं आहेस. होतं, पण सगळ्यांसाठी नव्हतं. साताऱ्याकडे गावंच्या गावं फौजेत जात. त्यांतला जो हातपाय गमावून परत येई, जो नोकरी पुरी करून पेन्शनीत निघे आणि जो परतच येत नसे, त्यांच्या मुलांना सरकार थोडा भत्ता देत असे. मुलग्याला तो वयात येईपर्यंत, मुलीला तिचं लग्न होईपर्यंत. बाकीच्यांच्या मुलांना कोणी काही देत नसे.

हे मला ठाऊक असण्याचं कारण असं की दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत मी त्या कामाच्या कचेरीत नोकरीला लागले. नियम आता मी विसरले. ज्यांना ते पाठ होते त्या गृहस्थांना विसरलेले नाही. तेव्हा निबंधासाठी नियम तू दुसरीकडे शोध. मी तुला गृहस्थांविषयी लिहिते. तुझ्या भावालाही वाचून दाखव.

ते आमचे हेडक्लार्क. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं आहेत आणि त्यांना त्यांचे आजोबा वेगळे आठवत असतील. खेड्यांतली माणसं त्यांना पेन्शनमास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती, पण नाव चिकटलं होतं आणि त्यांनाही ते आवडत असावं. उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काळी टोपी. मूळचे सांगलीचे. सांगली तेव्हा संस्थान होतं. आपण पगार इंग्रजांचा घेत असलो तरी प्रजा सांगलीच्या राजांची, हे ते आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. एका राजानं दुसऱ्या राजाला काही दिवसांसाठी उसनं दिलेलं माणूस जसं वागेल तसे ते कचेरीत वागत.

कचेरी म्हणजे साताऱ्यात भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. एका खोलीत साहेब, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला एक गोरा मेजर. दुसऱ्या खोलीत आम्ही. खिडकीतून अजिंक्यताऱ्याची एक बाजू दिसायची. कचेऱ्यांत पुरुष कमी पडू लागले होते म्हणून मला घेतलं होतं. माझे वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवत, मी मॅट्रिकनंतर एक वर्ष कॉलेजात काढलं होतं, आणि साहेबांना मराठीतलं इंग्रजीत आणि इंग्रजीतलं मराठीत करून देणारं कोणीतरी हवं होतं. एका मुलीला कचेरीत बसवण्याबद्दल मास्तरांना काय वाटतं, असं साहेबांनी त्यांना विचारलं होतं म्हणे. नियमात मनाई नाही, एवढंच उत्तर त्यांनी दिलं.

मास्तरांच्या कपाळावर केशरी गंधाचा टिळा असे, अगदी गोल, सुपारीच्या कापासारखा रेखीव. सकाळचं गंध दुपारपर्यंत घामानं पुसट होई. म्हणून टेबलाच्या खालच्या खणात त्यांनी चंदनाचं खोड आणि ते उगाळायची छोटी दगडी सहाण ठेवली होती. डबा खाऊन झाला की ते सहाण काढत, चार थेंब पाणी घालून गंध उगाळत आणि एका लहानशा आरशात बघून टिळा नवा करत. तेवढ्या वेळात साहेबांनी हाक मारली तरी ते ओ देत नसत. साहेबही मग हाक मारेनासे झाले.

चहाचा त्यांना तिटकारा होता. चहा म्हणजे माणसाला रिकामं बसवायची युक्ती, असं त्यांचं मत. आमचा शिपाई चहा घेऊन आला की ते खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत. डब्यात रोज ज्वारीच्या भाकऱ्या असत, जाड, कडेला फाटलेल्या, कधी करपलेल्या. त्यांच्या बायकोला भाकरी जमत नसावी, असं मला तेव्हा वाटे.

लिहिलेलं ते कधी खोडत नसत. एक शब्द चुकला तर सगळा कागद नव्यानं लिहायचा. लढाईमुळे कागदाची टंचाई होती, साहेब कुरकुर करत, तेव्हा मास्तरांनी घरून स्वतःचा कागद आणायला सुरुवात केली. "खोडलेल्या कागदावर पुढच्या माणसाचा विश्वास बसत नाही," असं ते मला म्हणाले होते. त्यांच्या सगळ्या कागदपत्रांत एकही काट नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

पण ज्या सवयीमुळे ते साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध होते ती अशी. कचेरीबाहेरच्या मोठ्या माणसांना, मग तो पाटील असो की सुभेदार, ते सरसकट एकेरीत बोलत. लहान मुलांना मात्र 'आपण' म्हणत. अंगावर पिणारं मूल घेऊन बाई आली की बाईला म्हणत, "बस तिकडे," आणि मुलाला, "आपलं काय म्हणणं आहे?" भत्ता मुलाचा आहे, तेव्हा आपला संबंध मुलाशी, आई, आजा, चुलता हे सोबत आलेले, असा त्यांचा हिशेब. एकदा कोरेगावकडचा एक धिप्पाड पाटील खुर्चीवर बसला होता, त्याला उठवून त्यांनी नाक गळणाऱ्या एका पोराला तिथे बसवलं. बायका पदराआड हसत. पोरं घाबरत. मास्तरांच्या चेहऱ्यावर रेघ हलत नसे.

मी कामाला लागले त्या दिवशीच त्यांनी मला त्यांची पद्धत शिकवली. आम्हाला वर्षातून एकदा गावोगाव जाऊन, मुलं हयात आहेत ना, मुलींची लग्नं झाली नाहीत ना, आईनं दुसरं घर केलं नाही ना, हे बघावं लागे. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. परक्या पुरुषाच्या प्रश्नाला उत्तर देत नसत. सासऱ्यासमोर तर तोंडच उघडत नसत. एकेकीला बोलतं करायचं म्हणजे दिवस जायचा. म्हणून मास्तरांनी ठरवून टाकलं होतं: "बाईला विचारू नका, कपाळ बघा." चावडीसमोर बायकांची रांग लावायची. कपाळी कुंकू असेल तर नवरा आहे, नसेल तर गेला. नवरा गेल्याची नोंद असलेल्या बाईच्या कपाळी कुंकू दिसलं, तर तिनं दुसरं घर केलं किंवा पहिली नोंद खोटी. पाटील मान हलवायचा, मास्तर लिहायचे, बाई पुढे सरकायची. दुपारच्या आत गाव उरकायचं. ही पद्धत कोणाला चुकीची वाटत नव्हती. मलाही वाटली नाही.

दौऱ्यावर आम्ही सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या खाजगी बसनं जायचो. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि चढ आला की धापा टाकायच्या. प्रत्येक चढाच्या पायथ्याशी मास्तर उतरत, छत्री उघडत आणि चालू लागत. आम्ही वर पोचायचो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे राहून ड्रायव्हरकडे अशा नजरेनं बघत, की तो दुसरीकडे तोंड फिरवी.

अशाच एका प्रवासात त्यांनी मला तासगावकडच्या एका शिपायाची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात तो मेला म्हणून पत्र आलं. बायकोनं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, पोरांना भत्ता सुरू झाला. आणि मग तो शिपाई चालत घरी आला. सरकारनं पोरांना दिलेला सगळा भत्ता त्याच्या पगारातून कापून घेतला. "स्वतःच्या मरणाचा खर्च स्वतः भरणारा मी पाहिलेला तो एकच माणूस," असं म्हणून मास्तर हसले. ते इतकं क्वचित हसत की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. त्या बाईचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तिची चौकशी आपल्याकडे नव्हती."

आता हिराबाईचं सांगते.

माण तालुक्यात दहिवडीच्या पुढे एक गाव आहे. पाऊस नावाला, जमीन मुरमाड, शेरडं-मेंढरं राखून आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर घरं चालायची. हिराबाई तिथल्या एका शिपायाची बायको. तो ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाला. बेपत्ता होता तोवर घरी पैसे येत राहिले. मग फौजेचं पत्र आलं की इतका काळ पत्ता नाही त्या अर्थी त्याला मृत समजावं. ते पत्र इंग्रजीत होतं आणि त्याचं मराठी मीच केलं होतं. त्याची दोन मुलं, नऊ-दहा वर्षांची शालन आणि तिच्याहून लहान बाळू. त्यांना आता भत्ता सुरू व्हायचा होता. आम्ही दौऱ्यावर गेलो, रांग लागली, आणि हिराबाई भरल्या कपाळानं, हातात हिरव्या बांगड्या घालून मास्तरांसमोरून गेली. मास्तरांनी आपल्या सुरेख अक्षरात शेरा लिहिला: "कपाळी कुंकू. विधवा नाही. पुनर्विवाह असावा." पाटलानं मान हलवली. तो दुसऱ्या गल्लीतला होता आणि त्याचं हिराबाईच्या सासऱ्याशी बांधावरून वाकडं होतं. भत्ता सुरूच झाला नाही.

पुढच्या महिन्यात ती सगळी साताऱ्याला कचेरीत आली. सासरा पुढे. तो स्वतः पहिल्या लढाईत एक हात गमावून पेन्शनीत निघालेला, कोटावर पदकं लावून आला होता. मागे हिराबाई, आणि तिच्या पदराला धरून दोन्ही पोरं. सासऱ्यानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सुनेनं दुसरं घर केलेलं नाही. ती त्याच्याच घरात आहे. ती नवरा मेला असं मानतच नाही, म्हणून कुंकू पुसत नाही. सासऱ्याची पेन्शन त्याला एकट्यालाही पुरत नाही. दुष्काळानं शेरडं विकली. शालनची शाळा सुटली. मुंबईत एका भावकीतल्या माणसाची खाणावळ आहे, तो म्हणतो बाळूला पाठवा, ताटं धुवील, पोटाला खाईल. दिवाळीनंतर त्याला न्यायला येणार आहे. भत्ता सुरू झाला नाही तर पाठवावं लागेल.

"हिला सांगा सायेब," म्हातारा मास्तरांना म्हणाला. "माजं आयकत न्हाई."

मास्तरांनी बाळूला खुर्चीवर बसवलं, शालनला दुसऱ्या खुर्चीवर. मग हिराबाईला उद्देशून, पण बघत मुलांकडे, ते म्हणाले की साहेब दहिवडीला येणार आहेत. त्या एका दिवसापुरतं कपाळ मोकळं ठेवून ये. साहेबांनी बघितलं की शेरा बदलेल. दुसऱ्या दिवशी तू काय लावतेस, ते बघायला कोणी येणार नाही.

त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या स्वभावाला सोडून होतं. म्हाताऱ्यानं लगेच मान डोलावली. "येक दिसाचा तर परश्न हाय."

हिराबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. सासऱ्यासमोर ती परक्याशी बोलणार नव्हती. ती मुलीशी बोलली.

"शालन, सायबास्नी सांग. येक दिस पुसलं आन् त्याच दिशी तिकडं त्येंस्नी काय झालं म्हंजी?"

आम्हाला सगळ्यांना ते ऐकू आलं होतं. तरी मास्तर शालनकडे बघत थांबले, कारण त्यांच्या लेखी प्रश्न तिच्याकडून यायचा होता. शालननं आईचे शब्द जसेच्या तसे म्हटले. मग मास्तर म्हणाले, "आपल्या मातोश्रींना सांगा, सरकारला कुंकू आणि मृत्यू दोन्ही एकत्र दाखवता येत नाहीत."

"शालन, सांग त्येंस्नी," हिराबाई म्हणाली. "पैसं तुमचं हाईत. कपाळ माजं हाय."

म्हातारा बाहेर पायरीवर जाऊन बसला. शालन पुन्हा सांगू लागली, तेव्हा तिला हातानं थांबवून मास्तर म्हणाले, "ऐकलं मी." मुलाच्या तोंडून यायच्या आधीच त्यांनी मोठ्या माणसाचं बोलणं ऐकल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती मंडळी गेल्यावर डब्याची वेळ झाली. मास्तरांनी भाकरी खाल्ली, खण उघडून सहाण काढली, गंध उगाळलं, आरसा समोर धरला. आणि टिळा न लावता बराच वेळ आरशात बघत राहिले. शेवटी लावला, पण त्या दिवशी तो नेहमीसारखा गोल आला नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी नियमांची जाडजूड पुस्तकं उघडून ठेवली होती. मला एकदा विचारलं, "कुंकवाला इंग्रजीत काय म्हणतात?" मी म्हटलं, तसा शब्द नाही. ते म्हणाले, "म्हणूनच पुस्तकात सापडत नाही." मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते खरोखरच शोधत होते. बाईचं कपाळ बघावं असं सरकारनं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनीच ठरवलं होतं, आणि इतकी वर्षं चालल्यामुळे ते स्वतःही त्याला सरकारी नियम समजू लागले होते.

साहेबांच्या दौऱ्यासाठी आम्ही दहिवडीला निघालो. पहिला चढ आला, मोटार कुथू लागली, पण मास्तर उतरले नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा मागे बघितलं. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, मास्तर म्हणाले, "त्या तासगावच्या बाईनं पुन्हा बांगड्या भरल्या की नाही, ते मी विचारलं नाही."

साहेब दहिवडीला सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात बसले. समोर अंगणात माणसं. एकेका कुटुंबाला हाक मारायची, साहेब कागद बघायचे, मला काही विचारायचे, सही करायचे. ज्यांचे बाप पेन्शनीत निघाले होते ते बाप स्वतः आले होते; कोणाला कुबड्या, कोणाचा एक डोळा बांधलेला. त्यांची पोरं धीट होती. बाप नसलेली पोरं गप्प होती, ते मला तिथे बसून दिसत होतं. हिराबाईची पाळी दुपारी आली. ती आली ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. रोज एवढं मोठं ती लावत नसावी. म्हाताऱ्यानं पदकं लावली होती, पण मान खाली होती. बाळूला नवी टोपी होती. ती मुंबईला जाण्यासाठी घेतलेली, हे मला नंतर कळलं.

साहेबांनी माझ्याकडून शेरा वाचून घेतला, हिराबाईकडे बघितलं आणि मला इंग्रजीत विचारलं की माझ्याच हेडक्लार्कनं ही विधवा नाही असं लिहिलं आहे, मग हे लोक पुन्हा का आले आहेत?

मी भाषांतर करायच्या आत मास्तर उठले. त्यांनी टोपी काढली. चारचौघांत त्यांना टोपीशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. केस विरळ होते, आणि कपाळाच्या मधोमध तो केशरी टिळा.

"साहेबांना सांगा, माझ्या कपाळाकडे बघा," ते मला म्हणाले. "आणि माझी बायको आहे की नाही ते सांगा."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब जरा वैतागले, पण बघून म्हणाले, आहे, असावी.

"लढाई सुरू झाली त्या वर्षी वारली," मास्तर म्हणाले. "त्या दिवसापासून आजपर्यंत हे गंध मी एकदाही चुकवलेलं नाही. मला कोणी पुसायला सांगितलं नाही."

मला भाषांतर करायला वेळ लागला. मी रोज त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या फाटक्या भाकऱ्या ते स्वतः थापत होते.

साहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. फौजेचं पत्र पुन्हा वाचलं. मग विचारलं की असं जर आहे, तर इतकी वर्षं तुम्ही कपाळावरून कसं ओळखत होतात?

"चुकत होतो," मास्तर म्हणाले.

मी ते साहेबांना सांगितलं. अंगणातल्या लोकांना मात्र भाषांतर लागलं नाही. पाटील आपल्या पागोट्याचं टोक चाचपत होता.

मास्तरांनी माझ्याकडे पट्टी मागितली. शेऱ्यावर ती आडवी ठेवून त्यांनी एक सरळ रेघ मारली. कागद नव्यानं लिहिता आला असता, घरचा कागद त्यांच्या पिशवीत होता. पण त्यांनी खोडलं, आणि ते सगळ्यांना दिसेल असं खोडलं. त्याखाली लिहिलं: "कुंकू हा पुरावा नव्हे. पिता फौजेच्या पत्राप्रमाणे मृत. मुलांस भत्ता चालू करावा. पालक, आजोबा." साहेबांनी सही केली.

एवढ्यावर संपलं असतं, पण मास्तर नियमाचे. नवऱ्यामागे बाईलाही वेगळी पेन्शन होती. त्यांनी तिचा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "आता तुझं. अंगठा कर."

हिराबाईनं मान हलवली. "शालन, सांग. माजं मला नगं. मानूस आल्यावर त्येला काय सांगू? तुज्या मरनाचं खाल्लं म्हनून सांगू?"

"नियमात बसतं," मास्तर म्हणाले. ते खरोखर चिडले होते. हक्काची गोष्ट कोणी नाकारली की त्यांना सहन होत नसे. "आपल्या मातोश्रींना समजावा."

शालननं आईकडे बघितलं आणि मास्तरांना म्हणाली, "ती न्हाई आयकायची."

त्या कागदावर एक रकाना होता. नवरा हयात की मृत, ते लिहायचं. मास्तरांनी टाक शाईत बुडवला, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत दौतीत ठेवला. रकाना तसाच सोडला. काट आणि रिकामा रकाना, दोन्ही एकाच दिवशी. परतीच्या वाटेवर मास्तर प्रत्येक चढ चालत गेले.

बाळू मुंबईला गेला नाही. शालन पुन्हा शाळेत जाऊ लागली.

त्यानंतर मास्तरांची पद्धत बदलली, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. आता ते प्रत्येक बाईला विचारू लागले. बाई बोलायची नाही, तेव्हा ते मुलाला विचारायचे, "आपले वडील कुठे आहेत?" मूल आईकडे बघायचं, आई जमिनीकडे. कधी एखादं पोर सरळ सांगायचं, कधी रडायचं. दुपारच्या आत उरकणारं गाव दिवेलागणीलाही उरकेनासं झालं. आमचा शिपाई म्हणायचा, "मास्तरांना त्या माणदेशी बाईनं करणी केली." मास्तर त्याच्याकडे लक्ष देत नसत. एका गावात एका पोरानं उत्तर दिलं, "आई म्हनती हाईत, सरकार म्हनतंय न्हाईत." मास्तरांनी ते दोन्ही लिहून घेतलं.

लढाई संपली. कैदेत पडलेले लोक हळूहळू परत आले. दर वेळी नावं आली की मास्तर ती आधी वाचत, मग माझ्याकडे देत. हिराबाईच्या नवऱ्याचं नाव कधी आलं नाही. मग स्वातंत्र्य आलं, साहेब विलायतेला गेले, मास्तर पेन्शनीत निघून सांगलीला मुलाकडे राहायला गेले. सांगलीचं संस्थानही पुढे राहिलं नाही. हे त्यांना कसं लागलं असेल, असं मला वाटून गेलं.

माझं लग्न ठरलं, तेव्हा मी त्यांना पत्रिका द्यायला सांगलीला गेले. मिरजेला गाडी बदलून, बरोबर माझा धाकटा भाऊ. मास्तरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर पडून होता. कपाळावर गंध होतं, पण वाकडं, एका भुवईकडे झुकलेलं. सून लावून देत असे, आणि तिला ते गोल जमत नव्हतं. ते तिनं पुसून पुन्हा लावावं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही, असं तिनंच मला सांगितलं.

पत्रिका त्यांनी डाव्या हातानं धरून सगळी वाचली. मग विचारलं, "त्या बाईचा माणूस आला?"

मी म्हटलं, नाही. दहिवडीला मला शालन आणि तिची आई भेटली होती. शालन सातवी पास होऊन मास्तरीण व्हायचं शिक्षण घ्यायला निघाली होती. म्हातारा वारला होता. पोरांचा भत्ता व्यवस्थित येत होता.

"आणि ती?"

"लावते," मी म्हटलं.

"पेन्शन घेतली?"

"नाही."

"रकाना?"

"रिकामाच आहे," मी सांगितलं. नवीन आलेले हेडक्लार्क तो भरून टाकायला सांगत होते, कागद अपुरा दिसतो म्हणून, हेही सांगितलं.

मास्तरांनी पत्रिका बाजूला ठेवली. मग त्यांनी सुनेला हाक मारून माझ्यासाठी आणि माझ्या भावासाठी चहा टाकायला सांगितलं. चहा आल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. आमचा पिऊन होईपर्यंत ते आमच्याकडेच बघत होते.

मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "त्या नव्या माणसाला सांगा, तो रकाना तिचा आहे. तिनं भरला तर भरेल."

साताऱ्याला परत आल्यावर मी तसं सांगितलं. मी नोकरी सोडली त्या दिवशीही तो रिकामाच होता.